गाव, कचेरी आणि मास्तर

आजोबांच्या शाळेच्या गोष्टींत मुलांपेक्षा दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारे डेप्युटी साहेब, जास्त असायचे. कोणता दिपोटी औटकी उलटी म्हणून घ्यायचा, कोणाला आल्याबरोबर ताक लागायचं, कोणाची सायकल ओढ्यापाशी पंक्चर झाली, हे त्यांना नव्वदीतही आठवायचं. व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास होऊन १९३०च्या आगेमागे ते लोकल बोर्डाच्या शाळेत लागले. माणदेशातली एकशिक्षकी शाळा. अख्खं वर्ष तपासणीच्या त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसलेलं. शाळा सारवायची, दाराला आंब्याचा टाळ बांधायचा, मुलांची नखं पाहायची. साहेब खुर्चीत बसून एकेकाला पुढे बोलवायचे, वाचायला लावायचे, गणित घालायचे. निघताना शेरेबुकात चार ओळी लिहायचे. त्या चार ओळींचा धाक मास्तरच्या घरातल्या चुलीपर्यंत पोचायचा.

हा धाक फार जुना नव्हता. पणजोबा शिकले ते पंतोजीच्या ओसरीवर. धूळपाटी, मोडी अक्षर, पावकी-निमकी, पुढे थोडं जमाखर्चाचं वळण. पुस्तक नाही, इयत्ता नाही, तपासायला येणारं कोणी नाही. सुगीला धान्य आणि सणाला शिधा, हा पंतोजीचा पगार. पोराला हिशेब येतो की नाही एवढंच गाव विचारायचं. १८५४च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं आणि पाहणारा माणूस गावाबाहेरून येऊ लागला. इंग्लंडमध्ये १८६२ साली एक नियम आला होता. परीक्षकासमोर जितकी मुलं वाचन, लेखन आणि गणितात उतरतील, त्या मानाने शाळेला पैसा. त्याच दशकात इथल्या अनुदानित शाळांनाही निकालावर पैसे मिळू लागले. परीक्षक जे विचारणार तेवढंच शिकवायचं, ही सवय तेव्हापासून लागली असं आजोबा म्हणत, आणि मला ते पटतं.

पण पंतोजीच्या त्या मोकळेपणाकडे मी हळहळून पाहू शकत नाही. त्याच्या ओसरीवर मुली नव्हत्या. महार-मांगांची मुलं अंगणातसुद्धा नव्हती. पंतोजी कुणाला जबाबदार नव्हता याचा अर्थ तो गावातल्या वजनदार घरांना जबाबदार होता. सरकारी शाळा आल्या तरी हे लगेच बदललं नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारनेही आधी त्याच्या बाजूने उभं राहायचं टाळलं. शाळा सर्वांसाठी आहेत हे तत्त्व कागदावर यायला वरचा दट्ट्या लागला. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षक शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले असावेत, शेतकरी वर्गातूनही यावेत आणि त्यांचा पगार वाढावा, अशी मागणी आहे. पोट दुसऱ्याच्या मुठीत असलेल्या माणसाला वर्गात स्वतःचं मत ठेवता येत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं त्या काळात फार थोड्यांनी ओळखलं.

शहरातल्या शिकलेल्या मास्तरांनी वेगळी वाट काढली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि १८८०च्या जानेवारीत पुण्यात टिळकांसोबत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. पुढे १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. तिथे शिकवणारेच आजीव सदस्य आणि तेच चालक. शाळा शिक्षकांनी चालवायची, ही कल्पना आजही धाडसाची वाटावी अशी आहे. पण राजीनामा देऊन नवी शाळा काढणं माणदेशातल्या फायनल पास मास्तरला कुठून जमणार? त्याला नोकरीत राहूनच जागा करून घ्यायची होती.

आजोबांनी ती कशी केली, याच्या दोन गोष्टी घरात पुन्हा पुन्हा सांगितल्या जायच्या.

पहिली सुगीची. बाजरी काढणीला आली की वर्ग ओस पडायचा. धनगरांची मुलं तर मेंढरांमागे. आजोबांनी कोणाला न विचारता शाळा पहाटे भरवायला सुरुवात केली. दिवस उजाडता मुलं यायची आणि ऊन चढायच्या आत शेतावर जायची. एका दिवशी दिपोटीसाहेब अकराला आले, तर शाळेला कुलूप. आजोबा धावत पोचले. नोकरी गेली असंच त्यांनी धरलं होतं. साहेबांनी कारण विचारलं, हजेरीपट मागितला, आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, मुक्काम करतो. पहाटे येतो." दुसऱ्या दिवशी कंदिलाच्या उजेडात त्यांनी तपासणी घेतली, आणि ती झाल्यावर स्वतः उठून भागाकाराचा एक पाठ घेऊन दाखवला. "ह्या मुलांना असं सांगून बघा," एवढंच बोलले. आजोबांच्या लेखी तो माणूस साहेबांचा साहेब. ते म्हणत, मला मोकळं सोडणारे पुष्कळ भेटले, त्यांना शाळेत काय चाललंय याची फिकीर नव्हती. ह्याला फिकीर होती आणि शिवाय विश्वासही होता.

दुसरी गोष्ट अवघड आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.

बदली होऊन गेलेल्या गावात शाळा देवळात भरायची. देवळात म्हणून महारवाड्यातली मुलं बाहेर, पायरीखाली. पावसात तीही जागा नाही. १९२३ साल दोन कारणांसाठी लक्षात ठेवावं. त्या वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक बोर्डांकडे, म्हणजे गाव-तालुक्याच्या पुढाऱ्यांकडे गेला. आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं तो सांगत होता. एका हाताने शाळा गावाच्या स्वाधीन, दुसऱ्या हाताने गावाला नको असलेली गोष्ट करायची आज्ञा. मधे उभा मास्तर.

आजोबांनी भांडण केलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी एकच विनंती केली, शेरेबुकात लिहून द्या. साहेबांनी लिहिलं: शाळा धर्मशाळेत न्यावी, मुलं हजेरीपटाच्या क्रमाने एका छपराखाली बसवावीत. मग आजोबा चावडीवर गेले. पाटलांपुढे शेरेबुक उघडून म्हणाले, "पाटील, माझ्या हातात काय आहे? वरून लिहून आलंय. मी हुकमाचा ताबेदार." तो हुकूम त्यांनीच मागून घेतला होता. काही घरांनी मुलं काढून घेतली, त्यातली बरीच दिवाळीनंतर परत आली. वर्ष सरायच्या आत आजोबांची बदली झाली, तीही लांब. तक्रार कोणी केली ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवा मास्तर आला तेव्हा मात्र बसायची पद्धत हजेरीपटाचीच राहिली, कारण ती शेरेबुकात होती.

शिक्षकाच्या स्वातंत्र्यावर भाषणं ऐकते तेव्हा मला हा 'हुकमाचा ताबेदार' आठवतो. स्वातंत्र्य म्हणजे दार लावून मनाला येईल ते शिकवणं, असं आजोबांनी कधी मानलं नाही. समोरच्या मुलाला आज काय लागतं ते ठरवायचा अधिकार म्हणजे स्वातंत्र्य. गाव आड आलं तर कचेरीचा कागद पुढे करायचा. कचेरी आड आली तर गावाची सुगी.

माझी आत्या १९६०च्या दशकात बालवाडीचं शिक्षण घ्यायला कोसबाडच्या टेकडीवर गेली. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम तोवर तिथे आलं होतं, सोबत अनुताई वाघ होत्या. वारली मुलं शाळेत येत नाहीत, ती गुरं राखतात. तेव्हा शाळाच कुरणात न्यायची. आत्या सांगायची की तिथे कोणी "पाठ झाला का?" असं विचारायचं नाही, "मुलांनी काय केलं?" असं विचारायचं. शंख-शिंपले, बिया, पानं हेच साधन. १९६७मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखं, स्वस्त, नेटकं पुस्तक पोचू लागलं. गरिबाच्या घरात ते पुस्तक म्हणजे मोठी गोष्ट, हे आत्या मान्य करायची. पण पुस्तकाचं पान आणि महिना यांचं लग्न लावलं की कुरण सुटतं, असंही म्हणायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तोवर दिपोटी गेले होते, विस्तार अधिकारी आले होते, नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुखही आले. केंद्रप्रमुखाने शाळेत बसावं, पाठ पाहावा, चार शिक्षकांना एकत्र बोलतं करावं, यासाठी ते पद होतं, आणि काहींनी ते जीव ओतून केलं. बहुतेकांचे दिवस माहिती गोळा करण्यात गेले. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं लिहिलं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर अध्यापनपद्धती निवडायला शिक्षकाला अधिक स्वायत्तता द्यावी असा स्पष्ट उल्लेख आहे. आणि वर्गात? लिंक भरा, फोटो टाका, दुपारच्या आत आकडा कळवा. कसं शिकवावं याला बंदी करणारा कागद मला नोकरीत कधी आला नाही. शिकवायचा वेळच इतका खाल्ला जातो की बंदीची गरज पडत नाही. याचा मला संताप येतो, आणि निवृत्त झाल्यावरही तो कमी झालेला नाही.

माझी भाची सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिकवते. तिची पहिली-दुसरीची मुलं घरी पावरी बोलतात, मराठी त्यांना शाळेतच प्रथम ऐकू येते. चाचणी मात्र सगळ्या राज्याबरोबर, त्याच आठवड्यात. मागच्या वर्षी तिचा फोन आला. "मावशी, मी दिवाळीपर्यंत त्यांच्याच बोलीत शिकवणार आहे. गुण कमी दिसले की खुलासा मागतील. काय करू?" मी तिला आजोबांची चावडीची गोष्ट सांगितली. तिने ती उलटी फिरवली. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. तिने बैठक बोलावली. दिवाळीपर्यंत बोलीतच शिकवायचं ठरलं. गोष्टी सांगायला पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या आठवड्यातून एकदा शाळेत येतील हेही ठरलं. त्याच कायद्याचं २९वं कलम शक्य तितकं मातृभाषेतून शिकवायला सांगतं, त्याचा आधार घेऊन समितीने ठराव लिहिला आणि बायकांनी अंगठे-सह्या केल्या. चाचणीनंतर खुलासा मागणारा कागद आलाच. तिने ठरावाची प्रत जोडून उत्तर पाठवलं आणि खाली एक ओळ घातली: साहेबांनी एकदा येऊन वर्गात बसावं, मुलांनी काय केलं ते दाखवायचं आहे.