वाचले आठ, उरला एक प्रश्न

अपघाताची पहिली बातमी आणि अपघाताचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी. हवाई बेटांवरच्या एका छोट्या विमानाची हकिगत पाहा.

११ डिसेंबर २०१३. मोलोकाई बेटावरचं कलौपापा. कुष्ठरोग्यांना एकेकाळी सक्तीनं नेऊन ठेवत ती जागा, फादर डॅमियन यांची कर्मभूमी. दुपारी तिथून एक सेस्ना कॅराव्हॅन होनोलुलूला निघालं. एकच इंजिन, वैमानिकासह नऊ माणसं. थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं. वैमानिकानं विमान समुद्रावर उतरवलं. आठ जण वाचले. नववी व्यक्ती मात्र दगावली: हवाईच्या आरोग्य संचालक लोरेटा फडी.

झालं! बराक ओबामांच्या ज्या जन्मदाखल्यावरून अमेरिकेत रण माजलं होतं, त्याची सविस्तर प्रत २०११ मध्ये देण्यास मंजुरी दिली ती याच बाईंनी. सगळे वाचतात आणि नेमक्या ह्याच कशा जातात? कटाच्या कहाण्यांना ऊत आला.

त्या कहाण्यांना खतपाणी मिळालं ते घाईच्या बातम्यांतून. बाई विमानाच्या सांगाड्यातच अडकून राहिल्या, असं आधी छापून आलं. मग कळलं, त्या बाहेर पडल्या होत्या. त्यांच्या सहकाऱ्यानं पाण्यात त्यांचा हात धरून ठेवला होता. मग खरं काय? हा प्रश्न विचारणं गैर नव्हतं. पण उत्तराची वाट न बघता खुनी शोधायला निघणं गैर होतं.

मी त्या बातम्या आणि नंतरचा तपास अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले. शवविच्छेदनात मोठी इजा आढळली नाही. अतिवेगानं श्वास घेतल्यामुळे हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू, असं कारण निघालं. पाण्यात पडलेला माणूस बुडूनच मरतो असं नाही, हे दर्याकाठच्या आपल्याला वेगळं सांगायला नको. इंजिन थांबलं ते टर्बाइनची पाती तुटल्यानं.

आणि एक तपशील असा, की वाचताना मी थबकलो. फडी यांच्या अंगात तान्ह्या मुलाचं लाइफ जॅकेट होतं, तेही अर्धवट फुगलेलं. आणखी एका प्रवाशाच्या हातीही तसलंच आलं होतं. उड्डाणापूर्वी वैमानिकानं नियमाप्रमाणे सुरक्षेची माहिती दिली असती, तर प्रवाशांना योग्य मापाची जॅकेटं सापडू शकली असती, असं अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं नोंदवलं आहे.

योग्य जॅकेटानं त्या वाचल्याच असत्या, असं अहवाल म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण दाखल्याची चर्चा जगभर झाली. त्या दोन मिनिटांच्या सूचनेची किती झाली? कटाच्या कहाणीनं कुणाचा जीव वाचत नाही. "तुमचं जॅकेट इथे आहे, ते असं घालायचं," एवढ्या वाक्यानं वाचू शकतो. वाचकहो, पुढच्या वेळी होडीत किंवा विमानात बसाल, तेव्हा कुणी सांगितलं नाही तर आपण होऊन विचारा.