नाणेघाटाचे लेणे आणि तीन एक्स्पोजर

जुन्नरजवळच्या घाटघरच्या पठारावरून नाणेघाटात उतरले, की सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख असलेले लेणे लागते. आत अंधार, बाहेर लख्ख आकाश. भिंत टिपावी तर आकाश पांढरेफटक पडते. आकाश सांभाळावे तर भिंत काळीठिक्कर.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी. १८५७च्या सुमारास फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र आणि आकाश यांच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह जुळवून एकच चित्र छापत असे. एक्स्पोजर ब्रॅकेटिंग हे त्याच युक्तीचे वंशज. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, अ‍ॅपर्चर तेच, केवळ शटरचा वेळ बदलायचा : एक चित्र बेताच्या प्रकाशाचे, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. दोन स्टॉप म्हणजे चौपट फरक, थोडाथोडका नव्हे! पुढे संगणकावर तिन्हींचा मेळ.

लेण्याचे दृश्य असे उत्तम साधते. लेख मात्र हरवू शकतो. कोरलेले अक्षर दिसते ते खाचेतल्या सावलीमुळे, आणि या मेळात सावल्याच उजळतात. यज्ञदक्षिणेतील गायी, घोडे, कार्षापणांचे आकडे येथे कोरलेले आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासातला हा फार जुना पुरावा. तो टिपताना एका बाजूने तिरपा धरलेला दिवा आणि एकच एक्स्पोजर अधिक उपयोगी पडते.