सिंहाचा वाटा, खारीचा वाटा

एखादी शिक्षणसंस्था, साखर कारखाना किंवा ग्रंथालय उभं राहिलं की मराठीत त्यामागे कुणाचा ना कुणाचा ‘सिंहाचा वाटा’ असतोच. मानपत्रात असतो, श्रद्धांजलीच्या लेखात असतो, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तर दर दोन पानांआड असतो. हा शब्दप्रयोग इतका घरचा झालाय, की तो इंग्रजी ‘लायन्स शेअर’वरून आला असं म्हटलं तर समोरचा क्षणभर थबकतो. मला मात्र तो कुठून आला यापेक्षा इथे आल्यावर त्याचं काय झालं, याचं कुतूहल जास्त आहे. कारण मूळ गोष्टीतल्या सिंहाने कुणाला कपर्दिकही दिलेली नाही.

गोष्ट इसापाच्या नावावर चालते आणि तिची दोन रूपं मुख्य. पहिल्या शतकातल्या फीड्रस या लॅटिन कवीने सांगितलेल्या रूपात गाय, शेळी, मेंढी आणि सिंह मिळून हरणाची शिकार करतात. (गाय-शेळीला हरणाचं काय करायचं होतं, हे विचारायचं नाही.) चार वाटे पडतात. पहिला मी राजा म्हणून माझा, दुसरा भागीदार म्हणून, तिसरा बळ जास्त म्हणून, आणि चौथ्याला कुणी हात लावून तर दाखवा, असं सिंह सुनावतो. ग्रीक परंपरेतलं दुसरं रूप जास्त भेदक आहे. तिथे गाढव शिकारीचे तीन सारखे वाटे करतं आणि सिंह त्यालाच फाडून खातो. मग वाटणी कोल्ह्याकडे येते. तो जवळजवळ सगळंच सिंहापुढे सरकवतो. इतकी चांगली वाटणी कुठे शिकलास, असं विचारल्यावर म्हणतो, गाढवाची गत बघून.

म्हणजे सिंहाचा वाटा म्हणजे मोठा वाटा नव्हे, सगळाच्या सगळा. रोमन कायदेपंडितांनी गोष्टीचा हा अर्थ नेमका पकडला होता. नफा सगळा एकाचा आणि तोटा फक्त दुसऱ्याचा, अशा भागीदारीला त्यांनी ‘सिंहाची भागीदारी’ म्हटलं आणि ती अवैध ठरवली. सहाव्या शतकात जस्टिनियनने करवून घेतलेल्या कायदेसंग्रहात हे मत नोंदलेलं आहे. लहान मुलांची समजली जाणारी गोष्ट कायद्याच्या पोथीत जाऊन बसल्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इंग्रजीत विल्यम कॅक्स्टनने इसाप छापला १४८४ साली. ‘लायन्स शेअर’ हे शब्द मात्र बरेच उशिरा रुळले. एडमंड बर्कच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या १७९० च्या पुस्तकात ते भेटतात. वापरता वापरता ‘सगळा’चा ‘बहुतेक’ झाला. आजचा इंग्रज कामाचा, वेळेचा, श्रेयाचा, कशाचाही ‘लायन्स शेअर’ सांगतो. तरी नफ्याबद्दल बोलताना त्याला सिंहाचे दात अजून दिसतात.

मराठीत इसाप छापील रूपात फार लवकर आला. तंजावरला सर्फोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ निघाली, ती इसापाचीच. मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचं इसपनीतीचं पुस्तक १८२८ चं. पुढे शाळाशाळांतून हा ग्रीक गुलाम इतका मुरला, की आंबट द्राक्षं आणि ‘लांडगा आला रे आला’ आपल्याला आजीच्या गोष्टी वाटतात. वाटेत किरकोळ फेरफार झाले. इंग्रजांचं सोन्याची अंडी देणारं हंसकुळातलं पाखरू आपल्याकडे कोंबडी झालं. अंडं म्हटलं की आपल्याला दुसरं काय आठवणार!

सिंहाचं तसं नाही. त्याचा फक्त पिसारा बदलला नाही, स्वभाव बदलला. घेणारा सिंह देणारा झाला. पंचतंत्राचा सिंह त्याला जबाबदार नसणार. तो तर रोज एक प्राणी घरपोच मागवणारा. माझा तर्क असा, की हे काम खारीने केलं.

सेतू बांधताना अंगाला वाळू लावून ती दगडांवर झटकणारी खार वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती लोककथेतली, आणि तमिळ आळ्वारांपैकी तोंडरडिप्पोडींच्या काव्यात तिचा उल्लेख आहे. मराठीत ‘खारीचा वाटा’ म्हणजे आपल्या कुवतीइतकी, विनम्र मदत. हा वाटा द्यायचाच असतो, घ्यायचा नसतो. आयात झालेला सिंह तिच्या शेजारी येऊन बसला, आणि खारीचा वाटा लहान तर सिंहाचा मोठा, अशी जोडी जमली. त्यात आपल्याकडे वाटा ‘उचलतात’, म्हणजे ओझ्यासारखा खांद्यावर घेतात. उचलणे याचा दुसरा अर्थ लांबवणे, आणि ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात तीही ‘उचल’च; पण मानपत्र लिहिणाऱ्याला ते आठवत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही नुसती गंमत होती. मी भाषांतरं करून पोट भरतो, त्यामुळे तिची दुसरी बाजू टेबलावर येते. शेतमालाच्या बाजारावरचा एक इंग्रजी अहवाल मराठीत आणायचा होता. ग्राहक जे मोजतो त्याचा ‘लायन्स शेअर’ मधल्या साखळीकडे जातो, असं मूळ वाक्य. मी लिहिलं, ‘बहुतेक पैसा मधले लोक घेऊन जातात.’ काम देणाऱ्या संस्थेच्या संपादकांनी ते ‘रांगडं’ ठरवून बदललं: ‘ग्राहकमूल्यात मध्यस्थांचा सिंहाचा वाटा असतो.’ आता हे वाचणाऱ्या कांदेवाल्याला काय वाटावं? मध्यस्थांनी बिचाऱ्यांनी केवढी मेहनत घेतली! लाटणे, मलिदा खाणे, टाळूवरचं लोणी खाणे, असा अशा घेण्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. पण ते अहवालात शोभत नाहीत म्हणे. सिंह शोभतो.

खाली आणखी एक दुरुस्ती होती. उरलेल्या चिमूटभर रकमेबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘शेतकऱ्याच्या पदरी खारीचा वाटा पडतो.’ ज्याने पीक काढलं तो खार! सिंहावरून मी फार भांडलो नाही. खार मात्र खोडली, आणि तिच्या जागी मूळ अहवालातला आकडा ठेवला: रुपयातले इतके पैसे.