टेक पॅक आणि कॉस्ट शीट म्हणजे काय? कारखान्यातून टी-शर्ट बनवून घेण्याआधी हे समजून घ्या

टेक पॅक म्हणजे कपडा कारखान्यात शिवून घेण्यासाठी दिलेली लेखी माहिती: चित्र, मापं, कापड, शिवण, प्रिंट, लेबल, पॅकिंग, सगळं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला स्पेसिफिकेशन म्हणतो, तोच प्रकार. कॉस्ट शीट म्हणजे त्या कपड्याच्या एका पीसचा हिशोब. हिशोब टेक पॅकवरून निघतो, पण बहुतेक जण उलटी सुरुवात करतात. इन्स्टाग्रामवरचा फोटो पाठवतात आणि विचारतात, "भाऊ, पीसला किती?"

आंबिवलीतल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपला १०० टी-शर्ट हवे होते. एकच फोटो दोन कारखान्यांना गेला. एकाने १७० रुपये सांगितले, दुसऱ्याने २१५. ग्रुपवर लगेच "दुसरा लुटतोय" सुरू झालं आणि माणशी १८० रुपये वर्गणी ठरायला आली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहिल्याने १६० जीएसएमचं कापड आणि एका रंगाचा प्रिंट धरला होता, जीएसटी वेगळा. दुसऱ्याने १८० जीएसएम, तीन रंग आणि जीएसटीसकट भाव दिला होता. दोघंही खरं बोलत होते, फक्त वेगवेगळ्या टी-शर्टबद्दल.

टेक पॅकमध्ये काय लिहायचं?

आधी पुढून-मागून साधं रेखाचित्र. हाताने काढलं तरी चालतं. मग मापं, आणि माप कुठून कुठे घ्यायचं तेही. "छाती ५४" एवढं पुरत नाही. "टी-शर्ट सपाट ठेवून, काखेच्या २.५ सेंमी खाली, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत ५४ सेंमी" असं लिहा. उंची खांद्याच्या सर्वात वरच्या टोकापासून. शेजारी टॉलरन्स द्या, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते, उदाहरणार्थ १ सेंमी कमी-जास्त. हा आकडा नसेल तर ५२ चा पीस आल्यावर भांडायला तुमच्याकडे काहीच नाही.

मापं धुण्याआधीची की नंतरची, हेही लिहा. सुती होजिअरी आटते. ७२ सेंमी उंचीचा टी-शर्ट ५ टक्के आटला तर ३.६ सेंमी गेले. घरी तपासता येतं: कापडावर ५० सेंमीचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. ४७.५ उरले तर ५ टक्के. जीन्समध्ये तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ती शिवून झाल्यावर वॉशिंगला जाते आणि पॅटर्न आधीच मोठा काढावा लागतो. आंबिवलीच्या शेजारचं स्टेशन शहाड, आणि त्याला लागून जीन्ससाठी प्रसिद्ध असलेलं उल्हासनगर. तिथल्या वॉशिंग युनिटवर वालधुनीच्या प्रदूषणावरून कारवाई झाली. माल धुवायला लांब पाठवावा लागला तर टेम्पोचं भाडंही पीसच्या किमतीत चढतं.

रंग मोबाइलच्या स्क्रीनवरून ठरवू नका. प्रत्येक फोनची स्क्रीन वेगळी दिसते, त्यात ब्राइटनेस आणि नाइट मोड. कापडासाठी पँटोनचे टीसीएक्स नंबर असतात, जसं १९-४०५२ म्हणजे क्लासिक ब्लू. शेड कार्ड महाग पडतं, म्हणून छोट्या ऑर्डरला मी हव्या त्या रंगाच्या कापडाचा तुकडाच कागदाला स्टेपल करून देतो.

आता पैसे

साध्या टी-शर्टमध्ये सर्वात मोठा खर्च कापडाचा, म्हणून तो आधी काढा. उंची ७२, बाही २१ आणि शिवण-दुमडीसाठी १० मिळून १०३ सेंमी. छाती ५४ अधिक ४ म्हणजे ५८. १०३ गुणिले ५८ गुणिले २ (पुढचा आणि मागचा भाग) म्हणजे ११,९४८ चौरस सेंमी, सुमारे १.१९ चौरस मीटर. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. १८० ने गुणलं की २१५ ग्रॅम. कटिंगमधली वाया जाणारी चिंधी १० टक्के धरली की २३७ ग्रॅम. १६० जीएसएम घेतलं तर २१०.

शिलाईला मिनिटं मोजतात. टी-शर्ट शिवायला प्रमाणित ८ मिनिटं धरली आणि लाइनची कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर प्रत्यक्षात १६ मिनिटं जातात. एका मशीनचा कारागीर, वीज, भाडं असा दिवसाचा खर्च ९६० रुपये आणि पाळी ४८० मिनिटांची, म्हणजे मिनिटाला २ रुपये. शिलाई ३२ रुपये. छोटे कारखाने थेट पीस रेट सांगतात, पण त्यामागे हेच गणित असतं.

पुढचे भाव फक्त समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. कापड ४०० रुपये किलोने ९५. गळ्याचा रिब, धागा, लेबल ८. शिलाई ३२, कटिंग आणि इस्त्री ८. प्रिंटच्या तीन स्क्रीन प्रत्येकी ५०० च्या, १०० पीसवर वाटल्या की १५, छपाई १२. पॅकिंग आणि टेम्पो ६. बेरीज १७६. खराब निघणारे पीस ३ टक्के धरून १८१, कारखान्याचा नफा १२ टक्के धरून २०३, आणि ५ टक्के जीएसटी लावून २१३. (२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, त्यावर १८ टक्के.) १८० ने वर्गणी काढून हाच टी-शर्ट घेतला असता तर ग्रुपला ३,३०० रुपयांचा खड्डा पडला असता.

५०० पीस घेतले तर स्क्रीनचे १५ रुपये ३ वर येतात आणि अंतिम भाव १९९ च्या आसपास. "जास्त घेतले तर कमी करा" म्हणण्याआधी नेमकं काय कमी होतंय ते बघा. कापड तेवढंच लागतं.

हे सगळं फोनवर गूगल शीट्समध्ये होतं. एका शीटवर मापं, दुसरीवर साहित्य, तिसरीवर हिशोब. जीएसएमचा आकडा बदलला की शेवटचा भाव आपोआप बदलला पाहिजे. पॅटर्नच काढायचा असेल तर सीमलीटूडी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण त्याला लॅपटॉप लागतो.

टेक पॅक पीडीएफ करून पाठवा, स्क्रीनशॉट नको. प्रत्येक पानावर तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाका, नाहीतर कटिंग मास्तरच्या हातात जुनंच पान राहतं. कापड कापायच्या आधी एक सॅम्पल शिवून घ्या, धुवा, मोजा. पसंत पडलं की त्यावर दोघांच्या सह्या करून एक पीस कारखान्यात आणि एक तुमच्याकडे ठेवा. अॅडव्हान्सची मोठी रक्कम त्यानंतरच द्या.