हत्तीरोग: पाय सुजण्याआधी शरीरात काय घडत असते?

नांदेड आणि लातूर हे हत्तीरोगग्रस्त जिल्हे आहेत. आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते, "मला काय झालंय? आजारी माणसाला द्या की." प्रश्न रास्त आहे. उत्तर या जंताच्या वागण्यात आहे.

वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा हा जंत क्युलेक्स डासामार्फत शरीरात शिरतो. हा डास गटारात, सेप्टिक टँकमध्ये, साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. एखाद्या चाव्याने सहसा रोग जडत नाही, त्यासाठी महिनोन्महिने डास चावावे लागतात. दोऱ्यासारखे मोठे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातले जादा पाणी रक्तात परत नेणाऱ्या नळ्यांत, ठाण मांडतात. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, साधारण ६ ते ८ वर्षे जगते आणि लाखो सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते.

एवढे सगळे अंगात असून ताप नाही, सूज नाही, हे कसे?

आपली प्रतिकारशक्ती परक्या जीवावर तुटून पडते. हा जंत तिला थंड करतो. रक्तात पिल्ले असलेल्या माणसांमध्ये इंटरल्युकिन-१० सारखी, हल्ला आवरता घेणारी रसायने वाढलेली असतात, असे संशोधनात दिसले आहे. माणूस ठणठणीत राहिला तर जंताचे फावतेच. पण त्याच वेळी लसिकावाहिन्या आतून रुंदावत असतात. पुरुषांच्या अंडकोषाच्या सोनोग्राफीत कधी कधी जिवंत जंतांची वळवळ दिसते आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

रक्त रात्रीच का घेतात, हेही लोक विचारतात. १८७२ मध्ये कोलकात्यात टिमोथी लुईस यांना माणसाच्या रक्तात ही पिल्ले सापडली. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये ती डासाच्या शरीरात वाढताना पाहिली. दिवसा पिल्ले फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडतात आणि साधारण रात्री १० ते २ या वेळेत, म्हणजे क्युलेक्स चावतो तेव्हा, बाहेरच्या रक्तात येतात. दुपारच्या तपासणीत ती बहुधा सापडत नाहीत.

वर्षातून एकदा वाटल्या जाणाऱ्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या प्रामुख्याने ही पिल्ले मारतात. त्यामुळे तुमच्याकडून डासाकडे आणि डासाकडून शेजारच्या लेकराकडे जाणारी साखळी तुटते. गोळ्या जेवण करूनच घ्या. २ वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्तींना देऊ नका. गोळ्यांनंतर थोडा ताप, डोकेदुखी, मळमळ झाली तर ती बहुतेकदा रक्तातली पिल्ले मरत असल्याने होते, म्हणजे गोळीची गरज होतीच. हे नीट समजावून सांगण्यात आम्ही डॉक्टर कमी पडतो, असे माझे मत आहे.

या जंताच्या आत वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो आणि जंताला त्याच्याशिवाय जमत नाही. तो जिवाणू डॉक्सिसायक्लिनने मारला की मादीची पिल्ले थांबतात आणि पुढे जंतही मरतो. हा उपचार काही आठवडे चालतो. तो स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पाय आधीच सुजला असेल तर गोळ्यांनी तो पूर्ववत होईल, असे सांगून मी कुणाला फसवत नाही. पण सूज वाढवण्यात मोठा हात असतो बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांमधून शिरणाऱ्या जिवाणूंचा. थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर पाय थोडा आणखी जाड होतो. म्हणून रोज साबणाने पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा, भेगांना मलम लावा, बसताना पाय उंचावर ठेवा. झटका आला असताना शेकू नका, चोळू नका, त्याच दिवशी दवाखान्यात या.

हत्तीपाय स्पर्शाने पसरत नाही, आनुवंशिकही नाही. आईचा पाय पाहून मुलीची सोयरीक मोडणाऱ्यांना हे स्पष्ट सांगा. अंडवृद्धी झालेले पुरुष तर लाजेपोटी वर्षानुवर्षे गप्प बसतात, आणि तिच्यावर मात्र साध्या शस्त्रक्रियेने इलाज होतो.