आमिश
आमिश : प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील अ‍ॅनाबाप्टिस्ट परंपरेचा एक पंथ. समजत्या वयात, स्वेच्छेने घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणारी ही परंपरा १५२५ मध्ये झुरिकमध्ये सुरू झाली. राज्यसत्ता आणि प्रस्थापित चर्च या दोहोंनी तिच्या अनुयायांचा अतोनात छळ केला. १६९३ मध्ये याकोब अमान या धर्मोपदेशकाने मंडळीने बहिष्कृत केलेल्यांशी सामाजिक व्यवहारही तोडावेत, असा आग्रह धरला. त्यावरून स्वित्झर्लंड आणि अल्सेस भागांतील मंडळ्यांत फूट पडली. अमानचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्थलांतरित होऊ लागले. युरोपातील त्यांची शेवटची स्वतंत्र मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइट या दुसऱ्या अ‍ॅनाबाप्टिस्ट पंथात विलीन झाली.

आज त्यांची लोकसंख्या सुमारे ४ लाख असून ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि इंडियाना या राज्यांत मोठ्या वसाहती आहेत. कॅनडातही ते आढळतात. बहुतेकांच्या घरात पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलली जाते.

आमिश यंत्रांचे शत्रू आहेत, हा समज चुकीचा आहे. एखादी वस्तू कुटुंब व शेजार यांची वीण उसवेल का, हे पाहून प्रत्येक मंडळी ‘ऑर्डनुंग’ ही आपली नियमावली ठरवते. म्हणून घरात टेलिफोन नसतो, पण रस्त्याकडेच्या खोपटात तो चालतो. सार्वजनिक वीजजोडणी नाकारणारा सुतार हवेच्या दाबावर यंत्रे चालवतो. मुलांचे शिक्षण आठवीपर्यंत होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना त्यापुढे शाळेत न पाठवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील निकेल माइन्स येथील आमिश शाळेत ५ मुलींची हत्या झाली, तेव्हा आमिशांनी मारेकऱ्याच्या कुटुंबाचे सांत्वन केले. क्षमा हे त्यांच्या श्रद्धेचे मूळच आहे.