पीटर लेलर : सुवर्णक्षेत्रातून विधानसभेत

आयर्लंडमध्ये १८२७ साली जन्मलेला पीटर लेलर १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत आला आणि काही काळ रेल्वेबांधणीत घालवून १८५४ च्या आरंभी बॅलॅरटच्या सुवर्णक्षेत्रावर खाणकामाला लागला. तेथे सोने सापडो वा न सापडो, प्रत्येक खाणकाऱ्याला शुल्क भरून सरकारी परवाना बाळगावा लागे. बॅलॅरटमध्ये हा कर विशेष जाचक ठरला, कारण तेथील सोने जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नदीपात्रांत होते. तेथवर पोहोचण्यासाठी शंभर फुटांहून खोल विवर खणण्यात कित्येक महिने जात आणि कमाई शून्य असतानाही पोलिसांच्या झडत्या थांबत नसत. कर देणाऱ्या या माणसांना मताचा अधिकार मात्र नव्हता.

३० नोव्हेंबर १८५४ रोजी खाणकाऱ्यांनी लेलरला नेता निवडले आणि दक्षिण क्रूस या तारकासमूहाचे चिन्ह असलेल्या ध्वजाखाली शपथ घेतली. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने यूरेका येथील त्यांचा लाकडी तट काही मिनिटांत मोडून काढला. वीसहून अधिक बंडखोर मेले आणि गोळी लागलेला लेलरचा डावा हात कापावा लागला. तरीही राजद्रोहाचा खटला भरलेल्या सर्वांना ज्यूरीने निर्दोष सोडले, १८५५ मध्ये मासिक परवान्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा, मताधिकारही देणारा ‘खाणकाऱ्याचा हक्क’ आला आणि त्याच वर्षी लेलर विधिमंडळात पोहोचला.

तेथे त्याने मालमत्ताधारकांना एकाहून अधिक मते देण्याच्या तरतुदीला पाठिंबा दिला, तेव्हा बॅलॅरटचे मतदार संतापले. त्याला फितूर ठरवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण यूरेकाचा लढा मुख्यतः स्वतःच्या विवराचे धनी असलेल्या स्वतंत्र खाणकाऱ्यांचा होता, आणि सरकारी जुलमाला विरोध करणारा लेलर मालमत्तेच्या हक्काविरुद्ध कधीच उभा राहिला नव्हता. पुढे खोल खाणींसाठी भांडवल लागू लागले, कंपन्या आल्या आणि खाणकारी मजुरीवर राबू लागला. १८७३ मध्ये क्लून्स येथील लोथेअर खाणीत संप झाला, तेव्हा तो मोडण्यासाठी पोलीस बंदोबस्तात चिनी कामगार आणणाऱ्या कंपनीच्या संचालकांत लेलर होता. वरील युक्तिवादाने त्याचे हे वर्तन समजते, पण क्षम्य ठरत नाही. संपकऱ्यांची पोटे आणि चिनी कामगारांची सुरक्षितता, दोन्ही त्यात पणाला लागली. गावकऱ्यांनी दगडफेक करून चिनी कामगारांना आणणाऱ्या गाड्या परतवल्या. लेलरची राजकीय वाटचाल मात्र खुंटली नाही. १८८० पासून १८८७ पर्यंत तो व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा अध्यक्ष होता.